औषध आणलं, आता ते सांभाळू या

गोळ्यांच्या पाकिटावर अगदी बारीक अक्षरांत एक सूचना छापलेली असते. ३० अंशांपेक्षा कमी तापमानात, कोरड्या जागी, उन्हापासून लांब ठेवा. आपण किंमत बघतो, मुदत संपण्याची तारीख बघतो. ही सूचना मात्र वाचायची राहून जाते. मग रक्तदाबाच्या गोळ्या ओट्यावरच्या फडताळात जातात, कारण तिथे त्या हाताशी राहतात. आजोबांच्या गोळ्या खिडकीच्या कट्ट्यावर राहतात, कारण तिथे त्या त्यांना चटकन दिसतात. यामागे मायाच असते. पण ओट्यावर दोन्ही वेळा गॅस पेटतो आणि वाफ थेट फडताळाला लागते. खिडकीत दुपारचं ऊन उतरतं. पाकिटावरची तारीख गाठायची तर औषध सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या तापमानात राहायला हवं. सूचना पाळली नाही, तर त्या तारखेचा भरवसा धरता येत नाही.

उष्णतेनं होतं तरी काय? कुठल्याही पदार्थाचे रेणू सतत हलत असतात. ऊब वाढली की ही हालचाल वाढते आणि रेणू तुटण्याचं, बदलण्याचं काम भराभर होऊ लागतं. स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये तापमान आणि हा वेग यांचं नातं गणितात मांडलं. त्यावरून एक ढोबळ अंदाज बांधतात. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा बऱ्याच क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. अ‍ॅस्पिरिनच्या गोळीला उष्णता आणि दमट हवा लागली, की ती हळूहळू विघटित होते आणि बाटली उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. निदान ती सांगते तरी! बहुतेक गोळ्यांचा वास बदलत नाही, रंगही बदलत नाही. गोळी तशीच दिसते, फक्त तिचा गुण उणावलेला असतो. नुसतं गार ठेवूनही भागत नाही. इन्सुलिनची न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवतात. पण तीच कुपी फ्रीझरला टेकून गोठली, तर वितळल्यावरही ती वापरायची नसते. प्रत्येक औषधाची आपली एक जागा असते आणि ती त्याच्या पाकिटावरच लिहिलेली असते.

पोलिओच्या डोसाच्या कुपीवर एक छोटा गोल असतो आणि त्या गोलात एक फिका चौकोन. कुपीला जसजशी ऊब लागत जाते, तसतसा हा चौकोन गडद होत जातो. कुपी पुन्हा बर्फात ठेवली, तरी तो परत फिका होत नाही. दहा मिनिटं उन्हात, अर्धा तास गाडीत, सगळ्याची बेरीज त्या इवल्याशा चौकोनात जमा होते. तो बाहेरच्या गोलाइतका गडद झाला, की कुपी बाजूला काढतात. गावोगावच्या परिचारिका आणि आशाताई बर्फाचे पॅक भरलेला डबा खांद्याला अडकवून भर उन्हात वाड्यावस्त्यांवर गेल्या. डोस पाजण्याआधी तो चौकोन बघण्याचा शिरस्ता त्यांनी पाळला. मार्च २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं, त्यात या साध्या शिरस्त्याचाही वाटा आहे. लस तयार करणं हे मोठं काम खरंच, पण ती बाळाच्या तोंडात पडेपर्यंत सांभाळणं हेही तेवढंच मोठं. 'एवढ्यानं काय होतंय' असं कोणी म्हटलं नाही, म्हणून हे साधलं.

आपल्या घरातही आणण्याचं कौतुक जास्त होतं. औषध आणलं, भाजी आणली, धान्य भरलं, की काम झालं असं वाटतं. पण आणणं एकदाच होतं, सांभाळणं मात्र रोज करावं लागतं. थोडी थोडी ऊब साठून औषधाचा गुण जातो, तशीच रोजची थोडी थोडी काळजी साठून घर सुखरूप राहतं. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. आलेली वस्तू हातातून खाली ठेवताना क्षणभर थांबायचं आणि विचारायचं, हिची जागा कोणती? आज कामाला निघण्यापूर्वी एवढंच करा. घरातला औषधांचा डबा ओट्याजवळ किंवा खिडकीत असेल, तर आतल्या खोलीतल्या कपाटात हलवा. लहान मुलांचा हात पोचणार नाही आणि आजी-आजोबांना सापडेल, असा कप्पा निवडा. जागा बदलल्याचं त्यांना आवर्जून सांगा. उन्हात उभ्या राहणाऱ्या स्कूटरच्या डिकीत किंवा बंद गाडीत औषध असेल, तर ते सोबत घ्या. एखादं पाकीट बराच काळ तापलं असेल आणि मनात शंका असेल, तर औषधाच्या दुकानात दाखवून विचारा. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम आहे. पण आईनं रात्री घेतलेली गोळी तिला पूर्ण गुण देईल, याची खात्री या पाच मिनिटांतच मिळते.