नामस्मरण करणाऱ्यालाही नैराश्य येते

“देवाचं करणाऱ्याला कसलं आलंय डिप्रेशन?” हे वाक्य ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात ज्याच्या कानावर कधीच पडले नाही, असा माणूस सापडणे कठीण. मंगळवारी गणपतीच्या रांगेत, गुरुवारी मठाबाहेर, सोसायटीतल्या सत्यनारायणाला ते सहज बोलले जाते. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा मायाच असते. पण त्या वाक्याच्या पोटात दोन समजुती दडलेल्या आहेत. श्रद्धा असली की मन खचत नाही, ही पहिली. मन खचले असेल तर श्रद्धेतच कुठेतरी खोट असणार, ही दुसरी. दुसरी समजूत कोणी उघड बोलून दाखवत नाही, पण आजारी माणसाला नेमकी तीच ऐकू येते. पहिलीत थोडे तथ्य आहे. दुसरी साफ खोटी आहे आणि तिने आपल्या घराघरांत फार नुकसान केले आहे.

आपल्या संतांनी असा दावा कधी केला नव्हता. तुकोबांचेच पाहा. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. तुकोबा विठ्ठलाकडे वळले ते या राखेतून. आणि वळल्यावर लगेच सुख लाभले असे झाले नाही. गाथेतले कितीतरी अभंग तळमळीचे आहेत: देव भेटत नाही, आपण कशाच्याच लायक नाही, जगावेसे वाटत नाही. गुरुदेव रा. द. रानडे यांनी १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ या इंग्रजी ग्रंथात तुकोबांच्या या काळाला आत्म्याची काळरात्र म्हटले. ही संज्ञा सोळाव्या शतकातला स्पॅनिश संत जॉन ऑफ द क्रॉस याच्याकडून आलेली. काळरात्र भक्तीच्या वाटेवरच लागते, हे रानड्यांनी स्पष्टपणे मांडले. समर्थांची करुणाष्टके वाचणाऱ्यालाही हे वेगळे सांगावे लागत नाही. गीतेत तर साक्षात श्रीकृष्ण सारथी असताना अर्जुनाचे अंग थरथरते, तोंडाला कोरड पडते, हातातले धनुष्य गळून पडते. भगवंत शेजारी असूनही.

आणि साने गुरुजी. ‘श्यामची आई’ लिहिणारा हा माणूस महाराष्ट्राच्या श्रद्धाळू मनाचा पुतळाच होता. पंढरीच्या विठ्ठलाचे दार दलितांसाठी उघडावे म्हणून त्यांनी १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण केले आणि दार उघडले. त्यांच्या मनावरचे मळभ मात्र हटले नाही. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. गुरुजींची श्रद्धा कमी पडली, असे म्हणायला कोणाची जीभ रेटेल? माझी रेटत नाही. मग शेजारच्या इमारतीतल्या, तशाच कोलमडलेल्या एखाद्या मुलाबद्दल आपण ते इतक्या सहज का म्हणतो?

श्रद्धा आणि मनाचे आजार यांचा संबंध तपासून पाहण्याची कल्पना त्या मानाने नवी आहे. १९०१ साली ठाण्यात मनोरुग्णालय सुरू झाले, तेव्हा लोक त्याला सरळ वेड्यांचे इस्पितळ म्हणत. त्याच सुमारास तिकडे एडिनबरोमध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स धर्मानुभवावर व्याख्याने देत होता. १९०२ साली ती पुस्तकरूपाने आली. जेम्सने तरुणपणी स्वतः खोल नैराश्य भोगले होते. धार्मिक माणसे दोन प्रकारची असतात, असे त्याने म्हटले. काहींचा पिंडच प्रसन्न असतो आणि त्यांचा धर्मही प्रसन्न असतो. काहींचा आत्मा मात्र आजारी असतो आणि त्यांना अंधारातून जाऊनच देव भेटतो. त्याच्या आधी, १८९७ मध्ये, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने आत्महत्यांची आकडेवारी मांडली होती. कॅथलिक समाजात आत्महत्या कमी, प्रोटेस्टंट समाजात जास्त, असे त्याला दिसले. दोन्ही पंथ आत्महत्येला सारखेच पाप मानतात, तेव्हा फरक शिकवणुकीचा नसावा. कॅथलिक समाजाची वीण अधिक घट्ट आहे म्हणून तो असावा, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच्या आकड्यांवर पुढे बरेच आक्षेप आले. त्याने विचारलेला प्रश्न मात्र टिकला: वाचवते ते काय, देवावरचा विश्वास की देवळात भेटणारी माणसे?

फ्रॉइडचे म्हणणे अगदी उलट होते. १९०७ च्या एका निबंधात त्याने पूजाविधी आणि मंत्रचळ यांच्यातले साम्य दाखवले. विधी चुकला तर काहीतरी अघटित होईल ही धास्ती दोन्हीकडे असते. आपल्याकडे सोवळ्या-ओवळ्याच्या पायी तासन्‌तास हात धूत बसणारी माणसे ज्यांनी घरात पाहिली आहेत, त्यांना हे निरीक्षण पोकळ वाटणार नाही. पण सगळाच धर्म म्हणजे समूहाचा मंत्रचळ, ही फ्रॉइडची पुढची उडी मला मान्य नाही. त्याने आजारी माणसांचा धर्म पाहिला आणि त्यावरून सगळ्यांचा धर्म ठरवला.

विवेकनिष्ठ मानसोपचाराचा जनक अल्बर्ट एलिस १९८० साली याच सुरात बोलला. कडवी धार्मिकता म्हणजे अविवेकी विचार आणि अविवेकी विचार म्हणजे भावनिक अस्वास्थ्य, असे त्याने लिहिले. एलिसची ही उपचारपद्धती मराठी माणसांपर्यंत आणली ती मुंबईच्या कि. मो. फडके यांनी. आणि ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ‘आयपीएच’, म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, ही संस्था सुरू केली, तिच्या कामात ही पद्धत चांगलीच रुजली. गंमत अशी की कट्टर नास्तिक एलिसची पद्धत ठाण्यात आली आणि गीता, ज्ञानेश्वरी, तुकोबा यांच्या शेजारी जाऊन बसली. डॉ. नाडकर्णी गेली कित्येक वर्षे विवेकनिष्ठ मानसोपचार आणि भारतीय तत्त्वज्ञान यांची सांगड घालून लिहीत-बोलत आले आहेत. तिकडे एलिसनेही आपले मत मवाळ केले. २००१ मध्ये धार्मिक लोकांशी समुपदेशन कसे करावे यावरच्या एका पुस्तकाचा तो सहलेखक झाला. आता त्याची तक्रार श्रद्धेबद्दल नव्हती, श्रद्धेतल्या ‘झालंच पाहिजे’ या हट्टाबद्दल होती. माझ्या मते या सगळ्या वाटचालीतले हे सर्वांत उपयोगी वळण आहे. त्यामुळे देव आहे की नाही हा वाद उपचाराच्या खोलीबाहेर राहिला आणि आत राहिला तो माणूस.

मग आकडे काय सांगतात? २००३ साली स्मिथ, मॅकलॉ आणि पोल या तीन संशोधकांनी १४७ अभ्यास एकत्र केले. त्यांत मिळून जवळजवळ ९९ हजार माणसे होती. अधिक धार्मिक माणसांत नैराश्याची लक्षणे थोडी कमी दिसली, पण हा संबंध अगदीच बारीक होता. माणसामाणसांतल्या नैराश्यात जो फरक दिसतो, त्याचा शंभरातला एक भागही धार्मिकतेने उलगडत नव्हता. ज्यांच्यावर मोठे संकट कोसळले होते, त्यांच्यात हा संबंध जरा ठळक होता. मात्र लोकांत दिसावे म्हणून किंवा काही मिळावे म्हणून धर्म पाळणाऱ्यांत आणि ‘देव मला शिक्षा करतोय’ असे मानणाऱ्यांत नैराश्य उलट जास्त होते. २०१३ मध्ये सात देशांतल्या ८,३१८ रुग्णांचा वर्षभराचा अभ्यास आला, त्याने पहिल्या समजुतीलाच धक्का दिला. वर्षभरात नैराश्याचा झटका आलेल्यांचे प्रमाण धार्मिक लोकांत १०.३ टक्के, धर्म न पाळता अध्यात्म मानणाऱ्यांत १०.५ टक्के आणि दोन्ही न मानणाऱ्यांत ७ टक्के निघाले.

हे सगळे तिकडचे झाले. आपल्याकडे अशी तुलना करायलाच अडचण आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्यू संस्थेच्या पाहणीत ९७ टक्के भारतीयांनी आपण देव मानतो असे सांगितले. आणि बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात साधारण वीस माणसांमागे एकाला नैराश्य गाठते. देव जवळजवळ सगळेच मानतात आणि तरी नैराश्य आहेच. तेव्हा आपल्यापुरता प्रश्न श्रद्धा आहे की नाही असा उरत नाही. ती कशी आहे, कोणाच्या संगतीत आहे आणि आजारपणात ती माणसाशी काय बोलते, हे पाहायला हवे.

ती काय बोलते? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट याने १९९७ च्या आपल्या ग्रंथात संकटात धर्माचा आधार घेण्याच्या दोन तऱ्हा वेगळ्या केल्या. एका तऱ्हेत माणूस म्हणतो, देव माझ्याबरोबर आहे, तो वाट दाखवील. दुसरीत तो म्हणतो, देवाने मला टाकले आहे. दुसरी तऱ्हा आपल्याकडे कुठल्या शब्दांत बोलते ते सगळ्यांना ठाऊक आहे. कुलदैवताचं काहीतरी राहून गेलंय. पितृदोष आहे. मागच्या जन्मीचं फेडतोय. कोणीतरी करणी केली आहे. पाठीवर हात ठेवून, प्रेमाने हे सांगितले जाते आणि आधीच स्वतःला दोषी मानणाऱ्या मनावर आणखी एक आरोप ठेवला जातो.

डोंबिवलीतल्या माझ्या ओळखीच्या एका बाईंचे उदाहरण सांगते. वर्षानुवर्षे तिन्हीसांजेला दिवा लावून रामरक्षा म्हणणाऱ्या या बाईंनी एकाएकी दिवा लावणे सोडले. देव्हाऱ्यातली फुले तशीच वाळून जाऊ लागली. घरच्यांना वाटले, हिचा देवावर रोष झाला आहे. गुरुजी आले, शांत झाली, गाणगापूरची वारीही झाली. सहा-सात महिन्यांनी त्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्या, तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले, “देवासमोर बसते हो, पण काहीच वाटत नाही. आधी डोळे भरून यायचे.” कशातच गोडी न उरणे हे नैराश्याचे मुख्य लक्षण आहे, आणि जेवणाची, नातवंडांची, गाण्याची गोडी जाते तशीच भक्तीचीही जाते. औषधे सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी बाई पुन्हा दिवा लावू लागल्या. आजाराने भक्ती हिरावून घेतली होती आणि घरचे समजत होते की भक्ती सुटली म्हणून आजार आला.

अमेरिकेत सुमारे ४९ हजार परिचारिकांचा बारा वर्षे पाठपुरावा झाला, त्यातही हेच दिसले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा पहिला अर्धा भाग बहुतेक जण सांगतात: आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा चर्चला जाणाऱ्या स्त्रियांना नैराश्य येण्याचा संभव सुमारे ३० टक्क्यांनी कमी होता. दुसरा भाग फारसा कोणी सांगत नाही: ज्या स्त्रियांना नैराश्य आले, त्यांचे चर्चला जाणे पुढे कमी झाले. म्हणजे देवळात दिसणारी माणसे ठणठणीत असतात याचे एक कारण असेही आहे की जी खचली, ती देवळात यायचीच बंद झाली.

संगत काय करते ते पाहायचे असेल तर कल्याणहून सुटणाऱ्या सकाळच्या फास्ट लोकलमधले भजनी मंडळ पाहावे. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेला कोपरा. खिडकीच्या गजाला विठ्ठलाची तसबीर अडकवलेली, एकाच्या पिशवीतून टाळ निघतात, दुसऱ्याच्या मांडीवर ढोलकी. रूपाचा अभंग होतो, ठाणे गेले की गौळण, दादर यायच्या आत भैरवी. यातला एखादा बँकेत असतो, एखादा महापालिकेत, एखादा कंपनी बंद पडल्याने काम शोधणारा. कोणाच्या घरी काय चालले आहे ते सगळ्यांना माहीत असते. दोन दिवस कोणी दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी डब्यातून फोन जातो. चर्चच्या पाहण्यांतली साप्ताहिक हजेरी आपल्याकडे या डब्यात असते, गावोगावच्या श्रीबैठकीत असते, काकड आरतीला असते. दुर्खीमने जिला वीण म्हटले ती हीच, असे मला मनापासून वाटते. फास्ट लोकलच्या त्या चेंगराचेंगरीत तासभर कोणाबरोबर तरी गाता येणे ही लहान गोष्ट नाही.

देवस्थानांचे दोन चेहरे एका वर्षाच्या अंतराने जगापुढे आले. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एर्वाडीच्या दर्ग्याजवळ, बरे होण्यासाठी आणून साखळदंडाने बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. त्यांना पळताही आले नाही. आणि २००२ मध्ये रघुराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्याच एका मुथुस्वामी मंदिराचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे राहिलेल्या ३१ गंभीर मनोरुग्णांची लक्षणे जवळजवळ २० टक्क्यांनी कमी झाली होती. तिथे ना अघोरी विधी होता, ना मारहाण. माणसे नातेवाइकांसह राहत, देवळाची कामे करत, कोणी त्यांना हिणवत नसे. श्रद्धा दोन्हीकडे होती. एकीकडे साखळी होती आणि दुसरीकडे आधार होता. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे-मारणे हा गुन्हा ठरवला, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधायला देशभर बंदी केली. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात त्याच्याही पुढचे पाऊल २००८ मध्येच टाकले गेले. तिथे ‘दवा आणि दुआ’ असा उपक्रम सुरू झाला. मुजावर दुआ देतात आणि त्याच आवारात बसलेल्या डॉक्टरांकडे पाठवतात. भाविक मुजावरांचे ऐकतो, म्हणून गोळीही घेतो.

आपल्याकडे हे का होऊ नये? डोंबिवलीचे गणेश मंदिर १९२४ पासून उभे आहे. ठाण्यात कौपिनेश्वर आहे, टिटवाळ्याचा गणपती आहे, मलंगगडावर हिंदू-मुसलमान दोघेही चढतात. संकष्टीला या देवळांत जितकी माणसे येतात तितकी कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात वर्षभरात येत नाहीत. देवस्थानांनी, बैठकींनी, मठांनी, भजनी मंडळांनी दोन गोष्टी कराव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नेहमी येणारा माणूस यायचा थांबला तर त्याच्या घरी जावे, आणि गेल्यावर भक्तीचा विषय काढू नये, झोप लागते का, जेवण जाते का, हे विचारावे. आणि प्रवचनात, आरतीनंतर, जिथे माणसे ऐकतात तिथे उघडपणे सांगावे की मनाच्या आजारावर गोळ्या घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे नव्हे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मदतवाहिनी १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि समोरचे माणूस मराठीत बोलते. आरतीच्या वेळापत्रकाखाली एवढी एक ओळ छापता येईल.