हात एक, ठसे अनेक

चांदीच्या कामामुळे रजतनगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खामगावात एक छोटा कारखाना होता. तिथं पूजेची ताटं घडत. ताटाच्या काठावर ठिपक्यांची वेल ठोकण्याचं काम एक म्हातारा कारागीर तरुणपणापासून करत आला होता. त्याची नजर मंदावू लागली, तेव्हा मालकानं यंत्र आणलं. ताट फिरवायला सर्व्हो मोटर, वर ठोकणी आणि दोन्हींना हुकूम देणारा मोशन कंट्रोलर. ते चालवायला शेगावहून एसटीनं ये-जा करणारा एक तरुण अभियंता नेमला.

ताटाची पूर्ण फेरी म्हणजे कंट्रोलरच्या हिशेबात ३६,००० पल्स. एका अंशाला १००. वेलीत ठिपके २४. तरुणानं प्रोग्राम लिहिला : या जागी जा, ताट थांबू दे, ठोक, पुढच्या जागी जा, थांबू दे, ठोक. हेच २४ वेळा. पहिलं ताट सुरेख उतरलं.

मग ३२ ठिपक्यांची मागणी आली, पाठोपाठ १८ ची. दर वेळी तरुण जुन्या प्रोग्राममध्ये ओळी घुसवी, आकडे खोडी, पुन्हा लिही. एका रात्री घाईत 'ताट थांबू दे' ही एकच ओळ एका ठिपक्यापाशी राहून गेली. ताट फिरत असतानाच ठोकणी खाली आली आणि चांदीवर लांब ओरखडा उमटला. चूक शोधायला तो ओळीमागून ओळ वाचत बसला.

कारागीर जवळ आला. "पोरा, मले तुह्या मशीनीतलं काई समजत नाही. पन नक्षी बदलली का तू ठोकनंच नव्यानं लिहितं, हे कायले?"

"काका, प्रत्येक नक्षीच्या जागा वेगळ्या असतात ना."

"जागा येगळ्या, पन हात तर एकच हाय! म्या जलमभर एकाच हातानं ठोकलं. बदलला तो ठसा." त्यानं आपली लाकडी पेटी उघडली. प्रत्येक खणात एक ठसा, लागेल त्या क्रमानं लावलेला.

तरुणानं जुना प्रोग्राम पुसला आणि एक ॲरे घेतला. नाव एक, घरं २४, कंट्रोलरला आधीच सांगून राखून ठेवलेली. प्रत्येक घरात एका ठिपक्याची जागा. ठोकण्याची रीत आता मोजक्या ओळींत मावली : इंडेक्स (घराचा क्रमांक) दाखवेल त्या घरातला आकडा वाच, तिथं जा, ताट थांबू दे, ठोक, इंडेक्स एकानं वाढव, घरं संपली की थांब. घरांची मोजणी शून्यापासून होते, म्हणून शेवटचं घर २३ क्रमांकाचं. त्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही, हेही त्यानं बजावून लिहिलं. 'ताट थांबू दे' आता एकाच ठिकाणी होतं. ते एकदा तपासलं की प्रत्येक ठिपक्यासाठी तपासून झालं.

एक अडचण उरली. म्हाताऱ्याच्या सर्वांत देखण्या वेलीतले ठिपके सारख्या अंतरावर नव्हते. पानापाशी दाट, देठापाशी विरळ. फेरीला भागून ते आकडे निघेनात. तेव्हा तरुणानं मोटर मोकळी सोडली. "काका, ताट तुम्ही हातानं फिरवा. जागा आली की हे बटण दाबा." म्हाताऱ्यानं बोटांच्या अंदाजानं ताट सरकवलं. प्रत्येक दाबासरशी ताटाची जागा मोजणाऱ्या एन्कोडरचा आकडा ॲरेच्या पुढच्या घरात जाऊन बसला. शेवटी तरुणानं ती सगळी रांग कंट्रोलरच्या कायम स्मृतीत जतन केली, म्हणजे लाइन गेली तरी पुसली जाणार नाही.

पुढं नवी नक्षी आली की तो फक्त नवी रांग भरी आणि घरांची संख्या बदली. ठोकण्याच्या ओळींना पुन्हा हात लावावा लागला नाही.

बोध : कोणत्याही कामात रीत आणि सामग्री या दोन गोष्टी असतात. रीत एकदाच, पूर्ण विचारानं, निर्दोष बांधावी. सामग्री बदलणारच, तिला क्रमानं लावलेलं, मोजलेलं वेगळं घर द्यावं. दोन्ही एकत्र कालवल्या, तर प्रत्येक नवी मागणी नवी चूक घेऊन येते. वेगळ्या राखल्या, तर तीच मागणी केवळ एक नवी रांग होते, आणि ज्याला यंत्राची भाषा येत नाही, त्या जाणत्याचं कसबही त्या रांगेत हक्कानं जागा मिळवतं.