जमलं तर येतो

"जमलं तर येतो" इतकं घातक वाक्य मराठीत दुसरं नसेल. येतो म्हणणाऱ्यासाठी श्रीखंड करता येतं, येत नाही म्हणणाऱ्याबद्दल हळहळता येतं (हळहळ माणसागणिक कमीजास्त). पण "जमलं तर" म्हणणाऱ्यासाठी चक्का किती टांगायचा? आमच्या हिचं मत असं, की असा माणूस खोटारडा नसला तरी सज्जनही नव्हे. मी मात्र अलीकडे त्याच्या बाजूला झुकू लागलोय, आणि त्याला कारण आहे पॅसिफिक महासागर.

या महासागराच्या पश्चिमेला, गुआम बेटाच्या आसपास, ढगांचे पुंजके सारखे जमत असतात. समुद्र तापलेला, हवा दमट. वादळाची सगळी सामग्री जणू ओट्यावर मांडून ठेवलेली. तरी बहुतेक पुंजके काहीएक न करता विरून जातात. वरच्या थरातला वारा भलत्याच दिशेनं वाहू लागला की ढगांचा मनोरा कलंडतो आणि खेळ खलास. अमेरिकी लष्कराचं संयुक्त वादळ-इशारा केंद्र, जे १९५९ साली गुआमवरच सुरू झालं आणि १९९९ पासून हवाईत आहे, ते अशा संशयितांना नंबर देतं. ९० ते ९९, पुढे डब्ल्यू. ९९ झाले की पुन्हा ९०, आपल्या पोलिसांनाही परवडावी अशी काटकसर! नाव नाहीच. बारसं टोकियोत, तेही वारा ताशी ६३ किलोमीटरच्या आसपास पोचल्यावर. तोवर शेरा एवढाच, की चोवीस तासांत वादळ होण्याची शक्यता कमी, मध्यम किंवा जास्त. म्हणजे काय, जमलं तर येतो!

बरं, नीट बघावं म्हटलं तर तेही अवघड. १९८७ पर्यंत या भागात विमानं थेट वादळात शिरून मोजमाप करायची. आता मुख्य भिस्त उपग्रहाच्या चित्रांवर. ढगांची ठेवण पाहून जोराचा आकडा काढायची ड्व्होराक यांची रीत उत्तम आहे, पण दोन जाणते एकाच ढगाला वेगवेगळे गुण देतात. दहावीच्या निबंधाचं दुसरं काय होतं? शिवाय गुआमची लांबी जेमतेम पन्नास किलोमीटर, आणि तीन दिवस आधीच्या अंदाजात वादळाचं केंद्र शंभर-दोनशे किलोमीटर इकडेतिकडे होणं आजही मामुली गोष्ट. चूक हवामानवाल्याची म्हणावी की बेट एवढंसं ठेवणाऱ्याची?

पण माझ्या डोक्यात घोळतो तो प्रश्न वेगळाच. समजा, अंदाजवाल्याला मनातून वाटतंय 'कमी'. पण लोक बेफिकीर राहतील म्हणून त्यानं हळूच 'मध्यम' लिहिलं. हे पाप की पुण्य? ऑगस्ट २०१८ मध्ये हवाईकडे 'लेन' नावाचं वादळ निघालं, एका वेळी अगदी पाचव्या श्रेणीचं. होनोलुलूत खिडक्यांना फळ्या लागल्या. मग वादळ वाटेतच मोडलं. होनोलुलू बचावलं आणि मोठ्या हवाई बेटावर काही ठिकाणी पन्नास इंचांहून जास्त पाऊस कोसळला. उलट फेब्रुवारी २०१६ मधलं 'विन्स्टन' टोंगाच्या वावाऊ बेटांजवळून पूर्वेला निघून गेलं, लोकांनी सुटकेचा श्वास सोडला असेल-नसेल, तोच ते उलटं फिरलं, पुन्हा वावाऊवरून गेलं आणि २० तारखेला फिजीवर आदळलं. तिथे ४४ माणसं गेली.

विन्स्टन आठवलं की वाटतं, वाढवा हो शक्यता, काय जातंय? पण जातं. होडी किनाऱ्यावर ओढून ठेवणाऱ्या कोळ्याचा दिवस जातो. त्याच्या घरी त्या दिवसाची किंमत काय, हे अंदाजवाल्याला ठाऊक नसतं. शक्यता वाढवून तो त्या माणसाचा हिशेब परस्पर करून टाकतो. दुसरं म्हणजे, कमी सांगितलं आणि वादळ आलं तर चौकशी बसते. जास्त सांगितलं आणि आलं नाही तर फार तर शिव्या बसतात. तेव्हा वाढवलेल्या आकड्यात लोकांची काळजी किती आणि स्वतःच्या खुर्चीची किती, हे त्या बिचाऱ्यालाही सांगता यायचं नाही. म्हणून माझं मत आपलं सरळ आहे: त्यानं 'कमी' वाटत असेल तर 'कमी'च म्हणावं, आणि 'कमी' म्हणजे 'नाही' नव्हे हे शंभरदा म्हणावं. घाबरायचं किती, ते दुसऱ्या कुणी ठरवावं.

गुआमवर तशी वाटणी आहेच. हवामानवाले वाऱ्याचं सांगतात. सज्जतेची पायरी गव्हर्नर जाहीर करतो. पायऱ्या चार. पहिली म्हणजे बारा तासांत वारा दारात. चौथीचा अर्थ बहात्तर तासांत येऊ शकेल, आणि ही चौथी तिथे बारा महिने चालू असते! निरभ्र आकाश, कोवळं ऊन, मुलं शाळेत, आणि सरकारी दप्तरी वादळ तीन दिवसांवर. लोकांना त्याचं काही वाटत नाही. १९६२ च्या 'कॅरन'नं बेट झोडपून काढल्यावर त्यांनी काँक्रीटची घरं बांधायला घेतली. मे २०२३ मध्ये 'मावार' बेटाच्या उत्तर टोकावरून गेलं तेव्हा वीज गेली, नळ कोरडे पडले, झाडं सोलून निघाली. वादळ पुढे सरकल्यावर पायरी पुन्हा चौथीवर आणून ठेवली.