अखंडतेचा आभास

सेवानिवृत्तीनंतर आम्ही गिटार शिकू लागलो, तेव्हा घरच्यांनी कौतुकमिश्रित स्मित केले. पुढे ‘ट्रेमोलो’ या कठीण वादनप्रकाराशी गाठ पडली आणि त्याने आमच्यापुढे एक नैतिक प्रश्न उभा केला. तोच येथे मांडतो.

गिटारची तार छेडली की नाद लगेच ओसरू लागतो. व्हायोलिनच्या गजाने लांबवावा तसा तो लांबविता येत नाही. त्यावर तोड अशी : अंगठा खालच्या सप्तकातील स्वर छेडतो आणि पाठोपाठ अनामिका, मध्यमा व तर्जनी दुसऱ्या एकाच तारेवर एकच स्वर तीनदा छेडतात. वेग व समता साधली की श्रोत्यास सलग, थरथरता स्वर ऐकू येतो. स्पॅनिश वादक फ्रान्सिस्को तार्रेगा (१८५२–१९०९) यांची ग्रानादा येथील अल्हाम्ब्रा राजवाड्याच्या आठवणींवरील रचना याच तंत्रावर उभी आहे. वस्तुतः सलग असे तेथे काहीच नसते. मग ही श्रोत्याची फसवणूक म्हणावी काय?

हा प्रश्न आम्हांस उगाच सुचलेला नाही. शासकीय सेवेत असताना एका विधवा बाईंच्या निवृत्तिवेतनाच्या अर्जास आम्ही तीनदा ‘कार्यवाही प्रचलित है’ असे उत्तर धाडले होते. कागद जागचा हललाही नव्हता. अखंडतेचा आभास आम्हीही निर्माण केला होताच.

या दोहोंतील भेद रियाजाने दाखविला. घाई केली की अनामिकेचा आघात दुबळा पडतो आणि स्वर घोड्याच्या टापांसारखा विषम धावतो. वेगाने हा दोष झाकला जात नाही, उलट उघडा पडतो. उपाय एकच : लय इतकी उतरवावी की प्रत्येक आघात सुटा ऐकू यावा, त्याचे वजन पारखता यावे; मगच ती हळूहळू वाढवावी. विलंबितात जे जमले नाही ते द्रुतात जमत नाही, हे आपले गवईही जाणतात.

‘लय उतरवा’ असे कोणी म्हटले, तर वादक आपला प्रत्येक आघात दाखवू शकतो. ‘कागद दाखवा’ असे त्या बाईंनी म्हटले असते, तर आमच्यापाशी दाखविण्यासारखे काहीच नव्हते. आमच्या मते आभास आणि असत्य यांतील सीमारेषा हीच होय.

त्या बाईंची क्षमा मागण्याची संधी आता उरलेली नाही. आमचा ट्रेमोलोही अद्याप सलग ऐकू येत नाही. तो सलग भासावा म्हणून घाई करण्याची इच्छा मात्र आता होत नाही.