निश्चय आणि हट्ट

मनुष्याचा निश्चय लोकनिंदेने मोडतो, अशी सामान्य समजूत आहे; परंतु ती सर्वांशी खरी नाही. निंदेपुढे मानी मनुष्य उलट अधिकच ताठ होतो. निश्चय ढिला पडतो तो हितचिंतकांच्या सौम्य बोलण्याने. ‘ध्येय सोडा’ असे ते कधीच म्हणत नाहीत. ‘तूर्त आवरते घ्या, आधी संसाराची सोय पाहा’ एवढेच सुचवितात, आणि ते ‘तूर्त’ बहुधा जन्मभर पुरते.

रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यापुढे असाच पेच आला होता. मुंबईस विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक असताना त्यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढले. हे कार्य की नोकरी, असा प्रश्न उभा राहताच १९२५ साली त्यांनी नोकरी सोडली. १९२७ साली काढलेले ‘समाजस्वास्थ्य’ मासिक, अश्लीलतेचे खटले सोसूनही, १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी चालविले.

मग हा हट्टच नव्हे काय, असे कोणी विचारील. हट्टी मनुष्य आपल्या आग्रहाची किंमत इतरांकडून वसूल करतो. निश्चयी मनुष्य ती स्वतः भरतो. परंतु संसारी मनुष्यास ती एकट्याने भरता येत नाही. घरच्यांसही तिची झळ लागतेच. कर्व्यांस पत्नी मालतीबाई यांची साथ होती. म्हणून निश्चयाची पारख बाहेरचा विरोध किती सोसला यावरून करू नये. ज्यांना झळ लागावयाची, त्यांना आपण आधी विचारले काय, यावरून करावी.