कठड्याची उंची

जुलै २०२५ मध्ये नायगावच्या एका इमारतीत चार वर्षांची मुलगी बाराव्या मजल्यावरून पडून गेली. मायलेकी बाहेर निघाल्या होत्या. आईने तिला दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटावर बसवले आणि ती जरा वळली, तेवढ्यात मुलगी लगतच्या खिडकीत चढली. सीसीटीव्हीतले ते दृश्य पुढे घराघरांतल्या मोबाइलवर फिरले आणि बघणाऱ्या बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला: आईचे लक्ष कुठे होते?

मला त्यानंतर दुसराच प्रश्न छळत राहिला. ती खिडकी पॅसेजमधली, म्हणजे सामाईक जागेतली. ती तिथे ठेवण्याचा निर्णय आईचा नव्हता. तिला ग्रिल नसण्याचाही नव्हता. लहान मुलाचा पाय पोचेल इतक्या खाली उघडी खिडकी काढणारा कोणी आर्किटेक्ट होता, तो नकाशा मंजूर करणारे कोणी कार्यालय होते, वापराचा दाखला देणारा कोणी अधिकारी होता. या सगळ्यांचे लक्ष कुठे होते, हे कोणी विचारले नाही. गॅलरीतून किंवा खिडकीतून माणूस पडल्याची बातमी आली की मी त्यात कठड्याची उंची शोधतो. मजला सापडतो, वय सापडते, घरात कोण होते हे सापडते. उंची आजवर सापडलेली नाही.

नायगाव पश्चिम रेल्वेवरचे. पण आमच्या कल्याणपलीकडच्या पट्ट्यात, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात, हा प्रश्न त्याहून वेगळा नाही. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात होती, अंबरनाथची अडीच लाखांच्या. त्यानंतर दोन्ही गावे आडवी वाढायची थांबून उभी वाढू लागली. तळमजला अधिक चार ही इथली जुनी सवय. लिफ्ट नसली तरी चालून जायचे. आता स्टेशनापासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर वीस-वीस मजल्यांचे टॉवर आहेत. घेणारे कोण? परळ-लालबागच्या चाळीतल्या, घाटकोपर-भांडुपच्या दहा बाय दहाच्या खोलीतल्या माणसांची पुढची पिढी. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अडुसष्ट किलोमीटरवर का होईना, पण वन बीएचके आणि त्याला गॅलरी. जाहिरातीतही गॅलरीच दिसते: दोन वेताच्या खुर्च्या, चहाचे कप, समोर डोंगर. नवराबायको दोघेही पहाटेच्या लोकलने जातात आणि रात्री परततात. मूल आजीकडे, नाहीतर शेजारच्या ताईंकडे.

प्रत्यक्षातल्या गॅलरीत वेताची खुर्ची मावत नाही. तिथे वॉशिंग मशीन असते, कपड्यांचा स्टँड असतो, तुळस असते, एसीचे आउटडोअर युनिट असते, आणि पाण्याचे पिंप असते. पिंप विशेषेकरून आमच्याकडचे. बारवी धरण हाकेच्या अंतरावर असूनही इथल्या अनेक वस्त्यांत पाणी रोज येईल याचा भरवसा नाही, आणि टँकर ही उन्हाळ्यातली नेहमीची गोष्ट आहे. साठवायला जागा एकच, गॅलरी. मग पिंपाला टेकून एक बादली उपडी पडलेली असते, बादलीशेजारी प्लास्टिकचे स्टूल. चार वर्षांच्या मुलाला हा जिनाच झाला.

हिशेब साधा आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत कठड्याला किमान उंची सांगितलेली आहे; ती एका मीटरच्या आसपास येते. चार वर्षांचे मूल साधारण तेवढेच उंच असते, म्हणजे जमिनीवर उभे असताना त्याचे डोके कठड्याच्या काठाशी येते. ते पंचेचाळीस सेंटिमीटरच्या खुर्चीवर चढले की तोच कठडा त्याच्या कमरेपाशी उतरतो. लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड. खाली वाकले की तोल पुढे जातो आणि हातांत तो सावरण्याइतके बळ नसते. त्यात अनेक ठिकाणी कठडा सरळ जमिनीपासून उठत नाही. आधी वीतभर उंचीचा विटांचा कट्टा, त्यावर लोखंडी किंवा स्टीलच्या नळ्या, अशी रचना असते. नियमाची उंची जमिनीपासून मोजली जाते, पण मूल कट्ट्यावर उभे राहते. नळ्या आडव्या असतील तर शिडीच. आडव्या नळ्यांना दिखाऊपणापलीकडे कोणते कारण आहे, हे मला कोणीच पटवून देऊ शकलेले नाही.

मोठ्यांचेही तेच. माणसाच्या शरीराचा गुरुत्वमध्य त्याच्या उंचीच्या निम्म्याहून थोडा वर, बेंबीच्या आसपास असतो. साडेपाच फुटांच्या माणसाचा तो नव्वद-एक्याण्णव सेंटिमीटरवर येतो, सहा फूट दोन इंचाच्या माणसाचा एक मीटरच्याही वर. कठडा या बिंदूच्या वर असेल तर अडखळलेला माणूस कठड्यावर आपटतो आणि आत पडतो. तो खाली असेल तर त्याच कठड्याची तरफ होते. थायलंडच्या पट्टायासारख्या शहरांत उंच कॉन्डोंमधून परदेशी पाहुणे पडून मेल्याच्या बातम्या वारंवार येतात. प्रत्येक वेळी चर्चा तीच: दारू प्यायला होता का, कर्जात होता का, कोणी ढकलले का. यातले काही खरेही असेल. पण उंचापुरा युरोपीय माणूस आणि त्याच्या कमरेखाली राहणारा कठडा, या जोडीकडे आधी बघायला हवे. झिंगलेला माणूस जगभर झिंगतो. तो खाली जातो की आतच आपटतो, हे पाच-दहा सेंटिमीटर ठरवतात.

आपल्याकडे हे सेंटिमीटर आपण स्वतःच कमी करतो. ताबा मिळाला की पहिले काम फरशी बदलण्याचे. जुनी उखडली तर वरच्या-खालच्यांशी भांडण, गळतीची भीती, म्हणून फरशीवर फरशी. मसाला धरून चार-पाच सेंटिमीटर सहज जातात. कठडा आहे तिथेच राहतो, जमीन वर येते. नकाशात नियम पाळलेला असतो, घरात नसतो.

न्यूयॉर्क शहराने या बाबतीत जे केले ते आपल्या नगरपालिकांच्या सभागृहात वाचून दाखवावे असे आहे. तिथल्या आरोग्य विभागाने १९७२ मध्ये खिडक्यांतून पडणाऱ्या मुलांसाठी मोहीम सुरू केली. नाव होते, मराठीत सांगायचे तर, 'मुलांना उडता येत नाही'. मुले पडत होती ती बहुतांशी गरीब वस्त्यांतल्या जुन्या इमारतींतून. कार्यकर्ते घरोघरी गेले, पालकांशी बोलले आणि खिडकीच्या जाळ्या फुकट दिल्या. ब्राँक्समध्ये दोन-तीन वर्षांत पडण्याच्या घटना निम्म्यावर आल्या. तेवढ्यावर शहर थांबले नाही. १९७६ मध्ये सक्ती आली: तीन किंवा अधिक बिऱ्हाडांच्या इमारतीत दहा वर्षांपर्यंतचे मूल राहत असेल तर खिडकीला जाळी बसवण्याची जबाबदारी घरमालकाची. या क्रमात मला महत्त्वाचे वाटते ते हे की आईबापांना उपदेश करून भागत नाही, हे शहराला चार वर्षांत कळले. मुलाकडे चोवीस तास डोळे लावून बसणारे माणूस कुठल्याच घरात नसते. जाळी मात्र चोवीस तास असते.

आपल्याकडे जाळी हा ताब्यानंतरचा, ज्याचा त्याने करायचा खर्च आहे. बिल्डर ग्रिल देत नाही, कारण 'एलेव्हेशन' बिघडते आणि ब्रोशरमधला डोंगर ग्रिलमागे जातो. मग फॅब्रिकेशनवाला येतो, टेप लावतो, दर सांगतो, आणि कर्जाचा पहिला हप्ता, नोंदणी, मुद्रांक शुल्क, सोसायटीची अनामत यांखाली पिचलेले घर म्हणते, पुढच्या दिवाळीला बघू. दरम्यान कबुतरांसाठी नायलॉनची जाळी लागते. ती स्वस्त असते आणि लावली की मनाला दिलासा देते. तिचा दोर कबुतराला अडवण्यापुरता, तिचे हूक भिंतीत जेमतेम रुतलेले. अंगाचा भार घेण्यासाठी ती केलेलीच नसते. ज्यांना परवडते ते कठड्याच्या बाहेर फूट-दीड फूट काढलेले बॉक्स ग्रिल लावतात. त्यात कुंड्या येतात, सायकल येते, आणि कौतुकाने मूलही बसवले जाते. खाली आधार म्हणजे चार अँकर बोल्ट आणि गंजणारे पत्रे. मग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ग्रिलच्या रंगावरून आणि रचनेवरून जी जुंपते, तिचे मी काय वर्णन करावे!

ग्रिलविरुद्ध एक आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. आग लागली तर पिंजऱ्यातून बाहेर कसे पडायचे? कायमचे वेल्डिंग केलेले ग्रिल हा खरोखरच सापळा असतो. उत्तर अवघड नाही: आतून उघडणारी, मोठा माणूस बाहेर येईल एवढी झडप, तिची कडी मुलाच्या हाताबाहेर आणि मोठ्यांच्या हातात. पण अशी झडप इमारतीच्या आराखड्यातच असली, अग्निशमन दलाने आधीच पाहिली, तरच सगळीकडे सारखी होते. प्रत्येक घराने आपापल्या फॅब्रिकेशनवाल्याशी घासाघीस करून केली, तर दोनशे रुपये वाचवण्यात पहिली जाते ती झडपच.

पडणाऱ्यांत आणखी एक वर्ग असतो, ज्याचे त्या घराशी नाते फक्त कामाचे. सिंगापूरमध्ये परदेशातून घरकामाला आलेल्या बायका उंच इमारतींच्या खिडक्या बाहेरून पुसताना पडून मरत. तिथल्या सरकारने २०१२ मध्ये नियम केला: ग्रिल लावून बंद असेल आणि घरातले प्रौढ माणूस समोर असेल, तरच बाहेरची काच पुसायला सांगता येईल. हाँगकाँगने २०१७ पासून घरकामगारांच्या करारातच तशी अट घातली. आपल्या टॉवरमध्ये ही माणसे म्हणजे उत्तर प्रदेश-बिहारहून आलेला एसीचा मेकॅनिक, रंगारी, प्लंबर, आणि दिवाळीआधी काचा पुसणाऱ्या मावशी. एसीचे युनिट कठड्याबाहेरच्या ब्रॅकेटवर टांगायचे हे आपण ठरवतो, त्याचा गॅस भरायला बाहेर लोंबकळतो तो. त्याच्या कमरेला पट्टा नसतो आणि आपण विचारतही नाही. इमारत उभी राहत असतानाची गोष्ट तर आणखीच निराळी. सप्टेंबर २०२३ मध्ये ठाण्याच्या बाळकुम भागात चाळीस मजली इमारतीत मजुरांची लिफ्ट कोसळून सात जण गेले.

उल्हासनगरबद्दल वेगळे बोलावे लागते. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवलेले, १९४९ मध्ये नाव मिळालेले हे शहर. बराकींच्या जागी जे मिळेल त्या जागेत, जे मिळेल त्या मालात इमारती उठल्या. उच्च न्यायालयात ८५५ बेकायदा इमारतींचा प्रश्न ऐरणीवर आला, तेव्हा २००६ मध्ये राज्याने खास कायदा करून त्या नियमित करण्याची वाट काढली. मे २०२१ मध्ये कॅम्प दोनच्या साई सिद्धी इमारतीत पाचव्या मजल्याचा स्लॅब खालचे मजले घेत तळमजल्यापर्यंत आला. सात माणसे गेली. त्याच महिन्यात तशीच आणखी एक दुर्घटना शहरात होऊन गेली होती. अशा इमारतीत कठड्याची उंची मोजून काय करणार? कठडा ज्या स्लॅबला धरून उभा असतो तोच खिळखिळा असेल, तर उंच आणि जड ग्रिल बसवणे म्हणजे भार वाढवणे.

बाहेर काढलेल्या गॅलरीचे लोखंड स्लॅबच्या वरच्या बाजूला असावे लागते, कारण ताण वर येतो. काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायाखाली ते दबून खाली गेले, तर गॅलरी पहिल्या दिवसापासून दुबळी असते आणि प्लास्टर झाल्यावर ते कोणालाच दिसत नाही. त्यावर मग भिंत चढवून गॅलरीची खोली होते, खोलीत पलंग, पलंगाशेजारी टाकी. तीस वर्षे उलटलेल्या इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम २६५-अ प्रमाणे संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. नोटिसा निघतात. तपासणीचा खर्च कोणी करायचा, आणि इमारत धोकादायक ठरली तर राहायचे कुठे, या दोन प्रश्नांपाशी कागद थांबतो. त्या रहिवाशांना मी बेफिकीर म्हणणार नाही. अहवाल आला की घर जाईल, हे ते ओळखून असतात.

टॉवरमध्ये ही अडचण नाही. तिथे सगळे नवे आहे, पैसा फिरतो आहे, आणि वापराचा दाखला देण्यापूर्वी एक अधिकारी इमारतीत जातोच. त्या भेटीत त्याने प्रत्येक गॅलरीत आणि पॅसेजच्या प्रत्येक खिडकीत टेप लावून आकडा दाखल्यावर लिहावा, आडव्या नळ्यांचा कठडा मंजूर करू नये, झडपेसह ग्रिल लावल्याशिवाय ताबा देऊ देऊ नये. बिल्डर म्हणतील, किंमत वाढेल. वाढेल, पण आजही तो खर्च होतोच, फक्त घर घेणाऱ्याच्या खिशातून आणि उशिरा. आणि कोणी पडलेच, तर पोलिसांची आकस्मिक मृत्यूची नोंद घरच्यांच्या जबाबावर आवरती घेतली जाऊ नये. नगरपालिकेचा अभियंता पंचनाम्याला बोलवावा आणि त्याने मोजलेला आकडा दाखल्यावरच्या आकड्याशेजारी मांडावा. दोन आकडे जुळले नाहीत, तर पुढची चौकशी आईपासून सुरू होण्याचे कारण उरत नाही.