लहरीचं बिल कुणी भरायचं?

कलावंत लहरी असायचाच, असं आपण किती सहज म्हणून जातो! घराचं काम अर्धवट टाकून गेलेल्या सुताराबद्दल मात्र तुम्ही असं म्हणाल का?

लिओनार्दो दा विंचीचं उदाहरण घ्या. मार्च 1481 मध्ये फ्लॉरेन्सजवळच्या सान दोनातो मठाने त्याला वेदीसाठी चित्र सांगितलं. विषय होता बाळ येशूला वंदन करायला आलेले मागी, आणि मुदत फार तर तीस महिन्यांची. लिओनार्दोने तिशीही ओलांडली नव्हती. रेखाटन आणि तपकिरी छटांपर्यंत काम आणून तो मिलानला गेला, ते चित्र तसंच राहिलं. 1496 मध्ये फिलिप्पिनो लिप्पीने त्याच विषयावरचं चित्र मठाला पुरं करून दिलं. आज दोन्ही चित्रं उफीत्सी संग्रहालयात आहेत. जग ओळखतं ते अपुरं चित्र! पण म्हणून पंधरा वर्षं रिकाम्या वेदीपुढे बसलेल्या साधूंची तक्रार खोटी ठरते का?

आता आपल्याकडे या. गोव्याच्या सांत इस्तेव्हचे आंजेलो द फोन्सेका (1902–1967) हेही हट्टीच. वैद्यकीचं शिक्षण सोडलं, मुंबईचं जे.जे. सोडलं, शांतिनिकेतन गाठलं. गोव्यात परतल्यावर त्यांची मेरी साडी नेसलेली, सावळी, इथलीच बाई होती. धर्ममंडळींना ते रुचलं नाही. फोन्सेकांनी मेरीचे कपडे बदलले नाहीत, गाव बदललं. पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून ते रंगवत राहिले.

तुम्ही म्हणाल, त्यांनीही लोकांना दुखावलंच की. खरं आहे. पण इटालियन चित्रकारांनी तरी पॅलेस्टाइनच्या मेरीला आपल्याच गावची केली नव्हती का? अबू धाबीच्या लूव्ह्रमध्ये बेलिनीची मेरी आहे, तिला बघून हा प्रश्न स्वतःला विचारा. शिवाय कुणाची सवय दुखावणं वेगळं आणि कुणाला दिलेला शब्द मोडणं वेगळं.

माझ्यापुरता निकष साधा आहे: हट्टाची किंमत कोण मोजतं? फोन्सेकांनी ती स्वतः मोजली. लिओनार्दोची मठाने मोजली. लिओनार्दोचं चित्र थोर आहे, पण त्या थोरवीने साधूंचं देणं फिटत नाही. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, आणि एकासाठी दुसरं पुसायची गरज नाही.

हे इथे करामात बसून लिहितोय, कारण इथे आपण सगळेच करारावर जगतो. आपल्यातल्या कुणी मुदतीआधी काम टाकलं, तर त्याला प्रतिभा म्हणून सूट मिळत नाही. मिळावी असंही मला वाटत नाही. पण आपल्या घरातलं एखादं पोर इंजिनियरिंग सोडून चित्रं काढायचं म्हणेल, तेव्हा त्याला 'लहरी' म्हणण्याआधी एवढंच तपासा: ते कुणाचा शब्द मोडतंय, की फक्त आपली अपेक्षा?